क्रमांक नऊचा फोन

"हेमांगी, फोनचं बिल भरलंय ना आपण?" देशिंगकर सरांनी विचारलं.

"भरलंय सर."

"डायल टोन आहे?"

मी रिसीव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. सरांनी तो कानाला लावला, अर्धा मिनिट मन लावून ऐकलं आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा परत जागेवर ठेवला.

शनिवारचे साडेदहा वाजले होते. मिरजेतल्या आमच्या संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं एका फोनकडे बघत बसलो होतो. पाळी सुरू झाली की तेरा बायकांनी त्या फोनवर कळवायचं, असं ठरलं होतं. तारखा येऊन गेल्या. दोघींनी कळवलं. अकरा जणी गप्प होत्या.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तिशीत होते, लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि पीएच.डी.ला सात. मार्चअखेर माझी नोंदणी संपत होती. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या आणि तिसरी देत नाहीत, हे विद्यापीठातल्या कारकुनानं मला अत्यंत आनंदानं सांगितलं होतं.

डॉ. अच्युत देशिंगकर मूळचे फिजिक्सवाले. चुंबकावर ते दोन तास बोलू शकत. त्या चुंबकात, म्हणजे एमआरआय मशीनमध्ये, बाई झोपवायची वेळ आली की मात्र त्यांना मी लागत असे. आमचा प्रश्न असा होता: माणूस रिकामा पडून असला तरी त्याचा मेंदू रिकामा नसतो. त्याचे भाग आपापसात बोलत राहतात, आणि कोण कोणाशी किती बोलतं याचं एक जाळं काढता येतं. बायकांमध्ये प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन महिन्याच्या उत्तरार्धात चढतं आणि पाळीच्या तोंडावर उतरतं. त्यानं हे जाळं बदलतं का? म्हणून प्रत्येकीची दोन चित्रं घ्यायची. एक हार्मोन चढलेलं असताना आणि दुसरं ते उतरल्यावर, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत.

मशीनमध्ये झोपल्यावर सूचना एकच. समोरच्या फुलीकडे बघा आणि कशाचाही विचार करू नका. पहिल्या फेरीत तेरापैकी बारा जणींनी बाहेर आल्यावर माझी माफी मागितली.

"मी खरंच विचार नाही केला हो," बँकेतली दीपाली आवटी म्हणाली होती. "गॅस बंद केला का, एवढंच आठवत होते. पंचवीस मिनिटं."

मशीन आमचं नव्हतं. शेजारच्या हॉस्पिटलचं होतं आणि पेशंट नसले की आम्हाला मिळायचं. गणपतीत ते दहा दिवस जवळजवळ रिकामं असतं, कारण त्या दिवसांत लोक गुडघेसुद्धा दुखवून घेत नाहीत. सरांनी ते दहा दिवस आनंदानं पदरात पाडून घेतले आणि ज्यांची तारीख नेमकी त्यांच्या सुरुवातीला येते अशा बायका मला शोधायला लावल्या. बायका मी शोधल्या. फॉर्म मी तयार केला. त्यातला अकरावा प्रश्न होता, 'सध्या कोणतंही औषध घेता का?' सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. नवव्या फॉर्मवरचं 'नाही' माझ्या अक्षरात होतं. तेरावी बाई मिळेना, तेव्हा रिकाम्या राहिलेल्या नऊ नंबरावर मीच उभी राहिले होते.

"अकरा जणी," सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "अकराही जणी आपल्या मशीनमधून गेल्यात. एवढं मोठं चुंबक. हेमांगी, आपण त्यांचा इव्हेंट लांबवला."

पाळीला सर 'इव्हेंट' म्हणत. प्रकल्पाच्या मंजुरीपासून हाच शब्द चालला होता.

"पण सर, दोघी वेळेवर आल्या की. पाच आणि बारा."

"तेच कोडं आहे." ते अजून खिडकीतच बघत होते. "बाय द वे, नऊचा इव्हेंट?"

"उशीर झालाय सर," मी टेबलाला सांगितलं.

हे खोटं नव्हतं. उशीर का झालाय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

झालं होतं असं. त्याच बुधवारी सकाळी, गणपती बसायच्या गडबडीत, सासूबाईंनी विचारलं, "हेमा, तारीख कधीची?"

"शुक्रवारची."

"म्हणजे गौरी यायच्या तोंडावरच! अगं, मग घे की आजपासून." त्यांनी देवघराच्या ड्रॉवरमधून, कापराच्या डबीशेजारून, गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. माहेरी चौदाव्या वर्षापासून आई द्यायची, सासरी दहा वर्षं सासूबाई देत होत्या. गोळी घेतली आणि दुर्वा निवडायला बसले. तिसऱ्या जुडीला मला प्रोजेस्टेरॉन आठवलं. तोवर ते घशाखाली गेलं होतं.

मग विचार केला, जाऊ दे. तेरातली एक गेली तर बारा उरतात. नऊ नंबर शेवटी गुपचूप गाळून टाकू. आपलाच प्रयोग आपणच बिघडवला हे कोण सांगत बसणार, आणि तेही इव्हेंटवाल्या सरांना?

तर शनिवारी मी अर्धी रजा टाकून घरी गेले. गौरी आल्या, रविवारी जेवल्या, सोमवारी गणपतीबरोबरच त्यांची बोळवण झाली. मंगळवारी ऑफिसला आले तेव्हा सरांचा चेहरा उतरला होता आणि टेबलावर चार पानी पत्र होतं. 'चुंबकीय क्षेत्राचा स्त्रियांच्या मासिक चक्रावर झालेला अनपेक्षित परिणाम.' एथिक्स कमिटीला.

"शुक्रवारी चारला मीटिंग बोलावलीय," सर म्हणाले. "कमिटीनं प्रकल्प बंद केला तर तुमच्या पीएच.डी.चं वाईट वाटेल मला. पण लपवणं बरोबर नाही. लपवणारा शास्त्रज्ञ कसला?"

मी "हो सर" म्हटलं आणि पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला घेतल्या.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. क्रमांक दोन. साडेआठला क्रमांक सात आणि पाठोपाठ अकरा. दहापर्यंत सर रिसीव्हर खाली ठेवायचे बंद झाले होते. दुपारी जेवायला म्हणून डबा उघडला तेवढ्यात चार आणि दहा. सरांचा चेहरा बदलत गेला. सकाळी अपराधी दिसणारा माणूस दुपारी दोनला हवेत होता.

"एकदम! सगळ्या एकदम! हेमांगी, हे नुसतं लांबणं नाही. चुंबकानं घड्याळं जुळवलीत! जगात कुणी नोंदवलं नसेल हे!"

सव्वातीनला मी उठून कॉरिडॉरमध्ये गेले आणि मोबाईलवरून आमचाच नंबर लावला. रजिस्टरात फोनची वेळ लागते, तोंडी चालत नाही, हा नियमही मीच केला होता. काचेतून मला सर दिसत होते, सरांना मी.

"नमस्कार. क्रमांक?"

"नऊ."

"अभिनंदन!" सर म्हणाले आणि मी परत आत गेले.

खुर्चीत बसल्यावर पोटात दुखायला लागलं. त्यातलं निम्मं पाळीचं होतं. सोमवारी गोळी बंद, गुरुवारी पाळी, हे माझं ठीक. पण बाकीच्या दहा जणींचं काय?

माझं सोडून बाकीच्यांचे सरांना फक्त नंबर माहीत असत. नावं माझ्या कुलूपबंद कपाटात होती, कारण प्रयोगात तसंच करतात. सर चहाला गेले तेव्हा मी कपाट उघडलं आणि वेळेवर फोन करणाऱ्या दोघींची नावं पाहिली. पाच: नसीम मुजावर. बारा: सिस्टर एस्तेर साळवे. (सगळीच नावं मी इथे बदलली आहेत. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे आहे.)

मी कपाटाला टेकून उभी राहिले. मग दीपाली आवटीला फोन लावला.

"दीपाली, एक विचारू? गेल्या आठवड्यात काही औषध घेतलंस का?"

"छे हो! मला काय झालंय?"

"गोळी वगैरे?"

"नाही म्हणते ना." मग जरा थांबून, "गौरीची सोडून."

"ती किती दिवस?"

"नेहमीसारखी. आमच्याकडे जेवायला तीस पानं असतात ताई, ऐन वेळी सोवळ्यातली बाई कुठून आणायची? का हो? काही बिघडलं का? तुम्हाला म्हणून सांगते, पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की सांगावं. पण बाकीच्या सगळ्या नीट नियमानं करत असणार, आपणच एकटी घोळ घातला असं दिसायला नको, म्हणून गप्प बसले."

मी म्हटलं, काही बिघडलं नाही. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल हवं होतं, हे पहिल्याच भेटीत तिनं मला सांगितलं होतं. बिघडलं का, हा प्रश्न ती कुठल्या आवाजात विचारते ते मला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी मी सरांना गाठलं.

"सर, जरा बायकांची एक गोष्ट होती."

"आहेच की. सगळा शोधनिबंधच बायकांचा आहे," सर म्हणाले आणि आलेखाला रंग देत राहिले.

मीही फार ओढून धरलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, कमिटी हा सिद्धान्त आपणच फेटाळून लावेल, नऊ नंबरचं नाव निघणार नाही, आणि मार्चपर्यंत काहीतरी ठिगळ लावता येईल.

चारला मीटिंग सुरू झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश भोकरे, औषधशास्त्राचे प्राध्यापक चौगुले, वकील सगरे आणि तत्त्वज्ञानाचे तेंडोलकर. कमिटीत एक महिला सदस्य असावी असा नियम असतो आणि होत्याही. त्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती असल्यानं त्या रजेवर होत्या. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला.

"अकरा सहभागींचा इव्हेंट सरासरी सहा दिवस लांबला," सरांनी सांगितलं, "आणि मग एका दिवसात सगळ्यांचा झाला."

"इव्हेंट म्हणजे काय नेमकं?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी पंख्याकडे पाहिलं. चौगुल्यांनी घसा साफ केला. वकीलसाहेबांनी बिस्किट उचललं.

"आलं लक्षात," अध्यक्ष म्हणाले. "पुढे."

"दोघी का वाचल्या?" तेंडोलकरांनी विचारलं.

"बहुधा रक्तगट."

सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली. फेटाळायच्या बाबतीत मी ज्यांच्यावर भिस्त ठेवली होती ते चौगुले तर म्हणाले, "चुंबकाचं काही सांगता येत नाही." मग अध्यक्षांनी निर्णय लिहून घ्यायला सांगितला. "तेराही महिलांना रजिस्टर पोस्टानं कळवावं की यंत्रामुळे त्यांच्या शरीरावर परिणाम झाला असून तो कायमचा आहे किंवा कसे, हे आज सांगता येत नाही."

मी 'कायमचा आहे किंवा' इथपर्यंत लिहिलं. ते पाकीट दीपाली आवटीच्या दारात आलेलं मला दिसलं. सही करून ती ते बँकेतल्या टेबलावर उघडणार.

मी पेन ठेवलं.

"मशीननं काही केलेलं नाही, सर. गौरी होत्या."

"गौरींचा काय संबंध?" सर म्हणाले.

"गौरीत पाळी येऊ नये म्हणून गोळी घेतात. पाळी पुढे ढकलायची गोळी. अकराही जणींनी घेतली. गौरी गेल्या, गोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पाळी आली. ज्या दोघींची वेळेवर आली त्यांच्या घरी गौरी बसत नाहीत."

पाळी हा शब्द मी एका दमात तीनदा उच्चारला होता.

"पण फॉर्मवर तर सगळ्यांनी औषध नाही म्हणून लिहिलंय," सर म्हणाले.

"ते औषध नाही सर. औषध आजारी पडल्यावर घेतात. ही गौरीची गोळी."

"थांबा, थांबा," चौगुले खुर्चीत पुढे सरकले. "त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनचंच कारखान्यात बनवलेलं भावंड असतं. दर वर्षी शिकवतो मी हे! वर्गात!"

"म्हणजे आपण ज्याचा अभ्यास करतोय," सर सावकाश म्हणाले, "ते या बायका…"

"कापराच्या डबीशेजारून घेत होत्या," मी म्हटलं. "मीही. क्रमांक नऊ मीच आहे. औषधाचा प्रश्न पण मीच लिहिला होता. चुकीचा लिहिला."

सर उठले आणि बाहेर गेले. दारातून त्यांचा आवाज येत होता. "हां, मी बोलतोय. एक सांग… नाही, तब्येत बरी आहे. एक सांग, गौरीत तू कुठली गोळी… हो. हो. किती वर्षं?… कुठं ठेवतेस?"

आत येऊन बसले तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता.

"आमच्याकडेही," ते म्हणाले. "सतरा वर्षं. वातींच्या डब्यात."

मग अध्यक्ष म्हणाले, "पाच मिनिटांचा विराम घ्यावा," आणि खिशातून मोबाईल काढत बाहेर गेले. त्यांच्यामागून वकील. तेंडोलकर अविवाहित होते, ते बहिणीला फोन करायला गेले. चौगुले बराच वेळ जागचे हलले नाहीत. मग तेही गेले. कॉरिडॉरच्या चार कोपऱ्यांत चार प्रतिष्ठित गृहस्थ भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होते. मी इतिवृत्तात 'विराम' लिहिलं आणि उरलेली बिस्किटं खाल्ली.

पत्रं गेली नाहीत. दुसऱ्या फेरीची चित्रं बाद झाली. अकरा चित्रांतलं काय बाईचं, काय गोळीचं आणि काय गौरीच्या तीस पानांचं, हे सांगायला उपाय नव्हता. मार्चमध्ये माझी नोंदणी संपली. सरांनी रागावून काही म्हटलं नाही. एप्रिलमध्ये त्यांनी नव्या नोंदणीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला, त्यावर मार्गदर्शक म्हणून सही करूनच. सोबत नवा फॉर्म जोडला होता, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. प्रश्न अकरा: पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेता का? केव्हा? शेवटची कधी घेतली? 'पाळी' शब्दावर एकदा खाडाखोड होती. पण होता.

पुढच्या वर्षी मशीन पुन्हा गणपतीतच मिळालं. बायका मिळता मिळेनात. गोळी न घेणारी हवी म्हटलं की "मग गौरींचं काय?" सहा जणी जमल्या. सातवी मी. नंबर मी नऊच ठेवला.

गौरी यायच्या चार दिवस आधी सासूबाईंनी ड्रॉवर उघडला.

"यंदा नको, आई," मी म्हटलं. "मशीनला खरं लागतं."

"तारीख?"

"गौरी जेवायच्या दिवशी."

त्यांनी पाकीट परत ठेवलं. ड्रॉवर लावला. दोन दिवस त्या माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी वाल सोलत असताना शेजारी येऊन बसल्या.

"माझ्या सासूबाई मला मागच्या खोलीत बसवायच्या," त्या वालाकडे बघत म्हणाल्या. "लग्नानंतरची पहिली गौर. घरात चाळीस माणूस. बायकांच्या हसण्याचे आवाज, पुरणाचा वास, आणि मी एका चटईवर. ताट दारातून सरकवायच्या. पुढे गोळी निघाली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडे स्वतः चालत गेले, कुणाला न विचारता. वाटलं, सुटले. तुला गोळी द्यायचे ती काय गौरींसाठी देत होते होय? तू त्या खोलीत बसू नयेस म्हणून देत होते."

दहा वर्षं मी ती गोळी देवाची समजून गिळत होते. विचारलं मी कधीच नव्हतं. फॉर्म तयार करण्यात माझा हात पहिल्यापासूनच कच्चा.

"मग आता?" मी विचारलं.

"सोल तू वाल," सासूबाई म्हणाल्या.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी सात वाजता मी न्हाणीतून बाहेर आले आणि मागच्या खोलीकडे वळले. चटई कुठे असते तेही मला माहीत नव्हतं. सासूबाई सोवळं नेसून दिवाणखान्यात, गौरींच्या समोर उभ्या होत्या. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी ओळखलं.

"तुमच्या त्या सरांचा नंबर काय?" त्यांनी विचारलं.

"मी करते आई फोन. मलाच करायचा असतो."

"नंबर सांग."

मी सांगितला. त्यांनी स्टुलावरचा फोन उचलला, पदर नीट केला आणि गौरींकडे बघत, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नमस्कार. क्रमांक नऊची सासू बोलतेय. नऊची पाळी आलीय. लिहून घ्या… सात वाजून पाच मिनिटं. आज नाही यायची ती, आज तिला माझ्या शेजारी बसून पुरण वाटायचंय. उद्या सकाळी पाठवते."